अर्धं वाचलेलं कलम

माझ्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं, सासर अंथुर्ण्याला. तिच्या मालकांनी, म्हणजे आमच्या दाजींनी, साऱ्या आयुष्यात दिलेला शब्द एकदाच मोडला, आणि तो माझ्या सांगण्यावरून मोडला. दाजी आता नाहीत, आक्काही नाही. माझी मुलं कधीमधी विचारतात, इतकी वर्षं सरकारी नोकरी केलीत, कायद्याची परीक्षा दिलीत, मग शेजारपाजारच्या माणसाला साधा सल्ला द्यायलाही तुम्ही का मागं सरता? मी काहीतरी सांगून वेळ मारून नेतो. खरं कारण हे आहे.

पन्नास सालानंतरची चार-पाच वर्षं उलटली असतील. आमचं गाव कळस. मी मॅट्रिक होऊन बारामतीत एका सहकारी संघाच्या कचेरीत कारकून लागलो होतो. खताच्या आणि पेंडीच्या पोत्यांना लागून माझं टेबल होतं. कपड्यांना कायम पेंडीचा वास यायचा. संघाचे सेक्रेटरी एकदा म्हणाले, हिशेबतपासनिसाची सरकारी परीक्षा दे, पास झालास तर जन्मभर पोती मोजत बसावं लागणार नाही. ते माझ्या डोक्यात बसलं. परीक्षेचे बाकीचे विषय मला फारसे अवघड नव्हते, जमाखर्च तर हातातलाच होता. भीती होती ती एका पेपरची. सर्वसाधारण आणि व्यापारी कायदा. सगळी पुस्तकं इंग्रजीत, आणि माझं इंग्रजी म्हणजे मॅट्रिकला काठावर पास झालेल्याचं इंग्रजी.

इंदापुरात माझ्या वडिलांच्या ओळखीचे एक म्हातारे वकील होते. कानानं ऐकू येईनासं झाल्यामुळं त्यांनी कोर्टात जाणं सोडलं होतं. त्यांनी आपल्याजवळचं जाडजूड पुस्तक मला वापरायला दिलं. अट एकच घातली, महिन्यातून एकदा येऊन किती वाचलं ते दाखवायचं आणि जे अडेल ते विचारायचं. पहिले दोन महिने मी गेलो. नंतर मला वाटू लागलं, आता आपलं आपल्याला कळतंय. एस.टी.चा खर्च आणि एक रविवार वाया कशाला घालवायचा?

पहाटे उठून मी कालव्याच्या भरावावर जायचो. उजाडलं की बाभळीखाली बसून एकेक वाक्य वाचायचो, डिक्शनरीत शब्द काढायचे, वहीत त्याचं मराठी करायचं. पुस्तकात माणसांना नावं नव्हती. सगळीकडं अ आणि ब. अ आपला घोडा ब ला विकतो, ब अ ला फसवतो, अ मरतो आणि त्याचा मुलगा ब वर दावा लावतो. कालव्याचं पाणी संथ चाललेलं असायचं, पलीकडच्या उसात कोणी पाण्याचं बारं देत असायचं, आणि मी आपला अ आणि ब यांच्या भांडणात बुडालेलो. खरं सांगायचं तर ते दिवस मला फार आवडायचे. आपण काहीतरी मोठं शिकतोय असं वाटायचं.

त्यातूनच दुखणं सुरू झालं. कचेरीत मला थट्टेनं 'वकील' म्हणू लागले. थट्टा मला गोड लागायची. मग गावाकडची माणसं विचारू लागली. बांधावरची बाभूळ कोणाची, विकत घेतलेला बैल लंगडा निघाला तर काय करायचं. मी पुस्तक न उघडताच उत्तरं द्यायचो. 'मला माहीत नाही' हे तीन शब्द माझ्या तोंडून निघत नसत. विचारणारा माणूस मान डोलवून निघून गेला की मला दिवसभर बरं वाटायचं.

त्या वर्षी भाऊबिजेला मी अंथुर्ण्याला गेलो. पिशवीत आक्कासाठी चोळीचा खण होता आणि ते पुस्तकही होतं. परीक्षा दीड महिन्यावर आली होती म्हणून नेलं, असं मी सगळ्यांना सांगितलं. पण भाऊबिजेच्या दिवशी बहिणीच्या घरी कोणी कायदा वाचत बसत नाही, हे मलाही कळत होतं. मला ते तिथं दिसायला हवं होतं.

दाजींची कालव्याच्या पाण्यावर दोन एकर मोसंबीची बाग होती. लावली त्या वर्षी पाण्याची पाळी चुकली, तेव्हा दाजी आणि आक्कानं विहिरीवरून घागरींनी पाणी आणून एकेक रोप जगवलं होतं. दाजींना गावात तात्या म्हणत. उंच, काटक, कमी बोलणारे. सही करण्यापुरतं लिहायला यायचं. बागेला फळ धरू लागल्यापासून ते दर वर्षी बहार, म्हणजे झाडावरचं सगळं फळ, एकाच माणसाला देत. बारामतीचे एक वयस्क बागवान होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. गणपतीच्या आधी चाचा यायचे, दोघं बागेतून एक फेरी मारायचे, शेवटच्या झाडाखाली बसायचे, उपरण्याखाली हात घालून बोटांनी भाव ठरवायचे आणि पान खायचे. झाला व्यवहार. ना कागद, ना विसाराचे आगाऊ पैसे. फळ उतरवायच्या दिवशी चाचा रोख पैसे द्यायचे.

त्या वर्षीही तसंच ठरलं होतं. पण दिवाळीच्या सुमारास पुण्याच्या एका व्यापाऱ्याचा दलाल गावात आला आणि चाचांपेक्षा सव्वापट भाव देतो म्हणाला. दाजींनी त्याला सांगून टाकलं की बाग दिलेली आहे. तो परत आला, तेव्हाही तेच सांगितलं. हे सगळं मला आक्कानं ओवाळून झाल्यावर सांगितलं. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, हळहळ होती. एवढे पैसे आले असते तर विहिरीवर इंजिन बसवता आलं असतं, पाळीची वाट बघायला लागली नसती, असं ती म्हणाली.

मी ओसरीवर दाजींच्या शेजारी जाऊन बसलो आणि वकिलानं पक्षकाराला विचारावं तसं विचारलं, कागद केलाय का.

"कागद कशाला?" दाजी म्हणाले. "कवाच केला न्हाय."

"विसार घेतलाय?"

"न्हाय. पर पाव्हणं, मी त्यास्नी व्हय म्हणलोय."

"दाजी, नुसत्या शब्दाला कायद्यात किंमत नाही," मी म्हणालो.

हे वाक्य मी मोठ्यानं म्हणालो. आतून आक्का दारात येऊन उभी राहिली. मी पुस्तक काढलं, करारांच्या कायद्याचं पंचविसावं कलम उघडलं आणि बोट ठेवून इंग्रजीत वाचून दाखवलं. मोबदल्याशिवायचा करार व्यर्थ, तो टिकायचा असेल तर लेखी हवा, नोंदवलेला हवा, असा त्याचा अर्थ मी सांगितला. चाचांनी एक पैसाही दिलेला नाही, म्हणजे मोबदला नाही. कागद नाही. म्हणजे करार झालेलाच नाही. माझ्या मते इतकं ते सोपं होतं. दाजी माझ्या बोटाखालच्या अक्षरांकडं बघत राहिले. त्यातलं एक अक्षरही त्यांना वाचता येत नव्हतं. आक्का माझ्याकडं बघत होती. तिच्या चेहऱ्यावरचं कौतुक मला अजून दिसतं आणि अजून नकोसं होतं.

दाजींनी लगेच होकार दिला नाही. त्यांनी एवढंच विचारलं की हे सरकारचं पुस्तक आहे का. मी हो म्हणालो.

आठवड्यानं दाजींचा निरोप आला की दलाल येणार आहे, कागद करायला या. मी रजा टाकली, बारामतीतून स्टांपाचा कागद घेतला आणि सायकल मारत अंथुर्ण्याला गेलो. 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' असे शब्द घालून मी झोकात कागद लिहिला. माझं अक्षर चांगलं होतं. दलालानं वाचून माझी तारीफ केली. सही करताना दाजींना वेळ लागला. मग ते म्हणाले, उद्या बारामतीला जाऊन चाचांना सांगून येतो. मी त्यांना अडवलं. जिथं करारच नाही तिथं मोडायचं काय आणि सांगायचं काय, असं मी म्हणालो. तुम्ही सांगायला गेलात म्हणजे करार होता असं कबूल केल्यासारखं होईल, असंही म्हणालो. हे तर कुठल्याच पुस्तकात नव्हतं. ते माझ्या मनचं होतं.

पुढच्या रविवारी पुण्याच्या व्यापाऱ्याची माणसं फळ उतरवायला लागली. दाजींनी मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. सकाळी नऊ-दहाचा सुमार असेल. निम्मीअधिक झाडं अजून भरलेली होती. तेवढ्यात बांधावरून दोन बैलगाड्या येताना दिसल्या. दोन्हीत रिकाम्या करंड्या रचलेल्या, आणि पुढच्या गाडीत चाचा बसलेले. फळ तयार झालं असेल अशा अंदाजानं ते ठरल्याप्रमाणं आले होते.

चाचा खाली उतरले. झाडावर चढलेली परकी माणसं त्यांनी पाहिली, भरलेले ढीग पाहिले, आणि दाजींसमोर येऊन उभे राहिले. ते ओरडले नाहीत.

"तात्या, बाग मला दिली व्हती का न्हाय?"

दाजींनी माझ्याकडं पाहिलं. पंचेचाळिशीचा तो माणूस, ज्याच्या शब्दावर गावातली भांडणं मिटायची, तो चोवीस वर्षांच्या पोराच्या तोंडाकडं बघत होता. मी पुढं झालो आणि सगळं म्हणून दाखवलं. मोबदला, कागद, कलम. मध्ये दोन इंग्रजी शब्दही घातले. चाचा मान थोडी वाकडी करून शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग त्यांनी विचारलं, "ह्ये पुस्तकात हाय?"

"आहे," मी म्हणालो.

"मग ह्या करंड्यांचं काय, त्ये हाय का पुस्तकात?"

ते उत्तराची वाट बघत थांबले नाहीत. आक्कानं पाण्याचा तांब्या आणला होता, त्याला त्यांनी हात लावला नाही. गाडीवानांना त्यांनी गाड्या वळवायला सांगितलं. बांध अरुंद होता, गाड्या वळायला बराच वेळ लागला. तेवढा वेळ आम्ही सगळे बघत उभे होतो. दाजी त्या दिवशी जेवले नाहीत. मी जेवलो. वाद जिंकल्यासारखं मला तेव्हा वाटत होतं, हेही लपवण्यात अर्थ नाही.

पुढच्याच गुरुवारी कचेरीला सुट्टी होती. परीक्षा पंधरवड्यावर आलेली. हुंडीच्या प्रकरणात काही अडलं होतं म्हणून बऱ्याच दिवसांनी मी इंदापूरला वकीलसाहेबांकडं गेलो. अडलेलं विचारून झालं, आणि मला राहवेना. मी शिकलेला कायदा प्रत्यक्षात कसा वापरला ते त्यांना सांगावंसं वाटलं. त्यांना ऐकू येत नसल्यानं प्रत्येक वाक्य ओरडून सांगावं लागायचं. मी ओरडून सांगू लागलो. मोसंबीची बाग, तोंडी व्यवहार, दुसरं गिऱ्हाईक, कलम पंचवीस. शेजारच्या ओट्यावर गहू निवडणाऱ्या बायका हात थांबवून ऐकू लागल्या.

वकीलसाहेबांनी मला पुस्तकाची सुरुवात उघडायला लावली आणि दुसरं कलम वाच म्हणाले, मोठ्यानं. मी वाचलं. मग दहावं कलम वाचायला लावलं. मग पुन्हा पंचविसावं, सगळं, खालच्या उदाहरणांसकट. एकमेकांना दिलेल्या वचनांबद्दलचं एक वाक्य दुसऱ्या कलमातच होतं. मी ते पूर्वी वाचलेलं होतं, वहीत उतरवूनही घेतलेलं होतं. अर्थ मात्र मला त्या क्षणी, ओरडून वाचता वाचता, लागला. माझा आवाज खाली आला. त्यांनी हातानं खूण केली, मोठ्यानं.

मी थांबल्यावर ते म्हणाले, "तुझ्या दाजींनी बाग द्यायचं वचन दिलं, त्या बागवानानं घ्यायचं दिलं. वचनाला वचन हाच मोबदला. असा करार तोंडी असला तरी पक्का. तू कलम अर्धं वाचलंस आणि त्यावर माणसाला खोटं पाडलंस."

मग त्यांनी विचारलं की झाडावर अजून किती फळ आहे. मी म्हणालो, तिसरा हिस्सा तरी असेल. ते म्हणाले, आजच जा. दोघांनाही सांग, आधी दाजींना आणि मग बागवानाला. उरलेलं फळ, झालेलं नुकसान, त्यांचं ते बघून घेतील. तू फक्त खरं काय ते सांग.

इंदापूरहून बारामतीला येणारी एस.टी. अंथुर्ण्यावरूनच यायची. मी उतरायचं ठरवून गाडीत बसलो होतो. वाटेत मनात यायला लागलं, परीक्षा पंधरा दिवसांवर आहे. आत्ता सांगितलं तर घरात गोंधळ होणार, दाजी व्यापाऱ्याशी भांडणार, मला जबानीला उभं करणार, अभ्यास बोंबलणार. परीक्षा झाली की दुसऱ्या दिवशी येऊन सांगू. आणि त्याखाली दुसरंही होतं. आक्कासमोर, गावासमोर, मला कायदा येत नाही असं म्हणावं लागणार होतं. अंथुर्णं आलं. कंडक्टरनं नाव पुकारलं. दोन माणसं उतरली, एक म्हातारी गाठोडं घेऊन चढली. फाट्यावरून बागेची कडेची झाडं दिसत होती, त्यावर फळ होतं. मी पुस्तक उघडून मांडीवर घेतलं. गाडी सुटली.

माझ्या हातून अज्ञानानं जे झालं त्याची लाज मी एखादे वेळी विसरलोही असतो. त्या गाडीत बसून राहिलो ती विसरता येत नाही.

परीक्षेला मी अरुंद रुळांच्या छोट्या आगगाडीनं दौंडला आणि तिथून पुण्याला गेलो. कायद्याच्या पेपरात एक प्रश्न होता, करार तोंडी असू शकतो काय आणि मोबदला म्हणजे काय, ते उदाहरण देऊन सांगा. मी तो सगळ्यात आधी सोडवला. इंग्रजीत लिहिलं की अ हा एका बागेचा मालक आहे, त्यानं बहार ब ला द्यायचं तोंडी कबूल केलं, पुढं जास्त भाव मिळाला म्हणून क ला दिला. ब ला नुकसानभरपाई मागता येईल. दोन पानं भरली. एकदाही अडलो नाही. फक्त मोसंबीच्या जागी आंबे लिहिले. कोण तपासणारा आमच्या दाजींना ओळखणार होता? तरी आंबे लिहिले. बाहेर पडल्यावर एक जण म्हणाला की त्या प्रश्नानं घाम काढला. मी म्हणालो, सोपा होता. आणि मग तिथंच पायरीवर बसलो.

परतल्यावर दुसऱ्या दिवशी जायचं होतं, ते गेलो नाही. फळ तर केव्हाच उतरलं होतं. मग संक्रांत झाली, मग शिमगा.

निकाल चैत्रात लागला. मी पास झालो, आणि सगळ्या विषयांत कायद्यालाच सर्वांत जास्त गुण होते. सेक्रेटरींनी कचेरीत पेढे वाटले. दोन दिवसांनी दाजी माझ्या खोलीवर आले. आक्कानं दिलेल्या पुरणपोळ्या फडक्यात बांधून आणलेल्या आणि काखेत शेवग्याच्या शेंगांची पेंडी. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मग खाली बसून इकडचं तिकडचं बोलू लागले. पुण्याच्या व्यापाऱ्यानं ठरल्याप्रमाणं सगळे पैसे दिले होते. विहिरीवर इंजिन बसलं होतं, आक्का खुशीत होती. त्याबद्दल काही तक्रार नव्हती. बारामतीच्या बाजारात मात्र आता कोणी त्यांच्याशी बोलून व्यवहार करत नव्हतं. वांग्यांची एक गाडी द्यायची म्हटली तरी समोरचा म्हणायचा, तुम्हांला कागद लागतो ना, आणा कागद. हसत म्हणायचे. पुण्याचा दलाल परत फिरकला नव्हता. चाचांनी त्या वेळी आपली गिऱ्हाइकं भागवायला कळसकडची एक हलकी बाग घेतली होती आणि त्यात त्यांना बरीच खोट आली, असं दाजींच्या कानावर आलं होतं.

"पुस्तकातच हाय म्हणल्यावर तुमी तरी काय करणार," दाजी म्हणाले.

तेव्हा मी सांगितलं. कलम, इंदापूर, वकीलसाहेब, एस.टी., सगळं. बोलताना मी शेंगांच्या पेंडीकडं बघत होतो. दाजी रागावले असते, दोन मुस्काटात मारल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं.

"व्हय म्हणलं म्हंजी दिली, ह्ये मला पुस्तकाबिगर ठावं व्हतं," ते म्हणाले. "मला इंजिन पायजे व्हतं. तुमी नुसती वाट दावली."

त्यांनी निम्मा दोष स्वतःकडं घेतला, आणि उरलेला माझ्याकडं आणखी जड होऊन राहिला. ते उठले. आत्ताच चाचांकडं जाऊ म्हणाले.

चाचांचं दुकान मंडईच्या कडेला होतं. दुपारची वेळ, गिऱ्हाईक फारसं नव्हतं, पण आजूबाजूचे दुकानदार होते. दाजींनी उभ्यानंच सगळं सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. बाग तुमची होती, मी दुसऱ्याला दिली, कायदाही तुमच्याच बाजूनं होता, तुम्ही दावा लावला असता तर मी हरलो असतो. जी खोट आली ती सांगा, मी भरतो. मी त्यांच्या मागं उभा होतो. मलाही बोलायचं होतं. पण वाटत होतं, दाजी बोललेच आहेत, आता आपण वेगळं काय बोलायचं.

चाचांनी खोट घेतली नाही. धंद्यात खोट येतच असते म्हणाले. मग माझ्याकडं बघून विचारलं, "पास झाला न्हवं?"

"झालो."

"चांगलं झालं," ते म्हणाले. त्यात टोमणा होता की नव्हता, मला आजवर ठरवता आलेलं नाही.

दाजींनी विचारलं, पुढचा बहार घ्याल का. चाचांनी थोडा विचार केला आणि हो म्हणाले. दाजींनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि हात पुढं केला. चाचांनी तो हात हातात घेतला, पण उपरण्याखाली नेला नाही. "कागद करू, तात्या," ते म्हणाले. "आता जमाना तसाच हाय." आणि मला म्हणाले, "तुमी लिवा."

मी स्टांपाचा कागद घेऊन आलो. दुकानातल्याच एका खोक्यावर ठेवून लिहिला. भाव दोघांनी तोंडानं सांगितला, सगळ्यांसमोर. अक्षर नेहमीसारखंच छान आलं. दोघांच्या सह्या झाल्या. चाचांनी गल्ल्यातून दोन रुपये काढून माझ्यापुढं ठेवले, लिहिणावळ म्हणून. मी नको म्हणालो. ते म्हणाले, काम केलंय, घ्या. मी घेतले.

दाजी आणि चाचा यांचा व्यवहार त्यानंतर सात-आठ वर्षं चालला. दाजींना बाजारात पुन्हा मान मिळाला, माणसं पुन्हा त्यांच्या तोंडी बोलण्यावर माल घेऊ लागली. चाचांचा मात्र दर वर्षी कागद व्हायचा. मी हिशेबतपासनीस होऊन तालुकाभर फिरू लागलो होतो, तरी श्रावणात एक दिवस बारामतीला येऊन तो लिहायचो. चाचा बागेत यायचे बंद झाले, आपला माणूस पाठवायचे. माझ्याशी नेहमी नीट बोलायचे, चहा पाजायचे. दर वर्षी वाटायचं, या खेपेला आपल्या तोंडानं त्यांची माफी मागू. दर वर्षी कागद वाळायच्या आत मी उठायचो.

एका श्रावणात निरोपच आला नाही. दाजींना विचारलं तेव्हा कळलं, चाचा उन्हाळ्यातच गेले. मी बारामतीला त्यांच्या घरी गेलो. त्यांचा मोठा मुलगा बाहेर आला, माझ्याकडं क्षणभर बघत राहिला आणि ओळख पटल्यावर म्हणाला, "तुम्ही कागद लिहिणारे ना?"

मी हो म्हणालो.